‘गप’ आणि ‘गप्प’ : ‘हारून अँड द सी ऑफ स्टोरीज’चे मूल्यमापन आणि अध्यापन

१

बालसाहित्याविषयी दोन प्रश्न सहसा दोन वेगळ्या ठिकाणी विचारले जातात. एखादी कृती साहित्य म्हणून कोणत्या प्रतीची आहे, हा समीक्षकाचा प्रश्न. आणि ती वर्गात कशी शिकवावी, हा शिक्षकाचा. पहिल्याची चर्चा वाङ्मयीन नियतकालिकांत होते, दुसऱ्याची शिक्षणशास्त्राच्या अभ्यासक्रमांत. या विभागणीमुळे समीक्षकाचे मूल्यमापन वर्गापर्यंत पोचत नाही आणि वर्गातील अनुभवाने ते मूल्यमापन दुरुस्तही होत नाही. अद्भुतरम्य बालकादंबरीच्या बाबतीत ही विभागणी विशेष नुकसानकारक ठरते. वास्तववादी कथा समोर असेल तर तिच्यातील माणसे, व्यवहार आणि परिसर यांविषयी बोलता येते. अद्भुतकथा समोर आली की मात्र तिचा ‘खरा अर्थ’ विचारण्याची घाई होते. बोलणारा मासा, उडणारा पक्षी, अंधाराचा देश ही सारी कशाची तरी सोंगे आहेत आणि सोंग उतरवले की आशय हाती लागतो, अशी या घाईमागची समजूत असते.

मराठीत या समजुतीला दीर्घ परंपरा आहे. छापील मराठी बालवाङ्मयाच्या अगदी आरंभीचे पुस्तक म्हणून ज्याचा उल्लेख होतो ते ‘बालबोधमुक्तावली’ (तंजावर, १८०६) हे इसापाच्या कथांचे भाषांतर होते. इसापनीती, पंचतंत्र आणि हितोपदेश यांच्या वाटेने ‘तात्पर्य’ हा शब्द शाळेत शिरला आणि प्रश्नपत्रिकेत स्थिरावला. इसापाच्या कथेत तात्पर्य ही रचनेचीच गरज असते. कथा त्या शेवटच्या ओळीकडे जाण्यासाठीच सांगितली जाते. परंतु त्याच सवयीने बारा प्रकरणांची कादंबरी वाचली, तर कादंबरीतील बहुतेक भाग अनावश्यक ठरतो. आणि जे अनावश्यक ठरते तेच बहुधा त्या कृतीचे वाङ्मय असते.

सलमान रश्दी यांची ‘हारून अँड द सी ऑफ स्टोरीज’ (१९९०) ही कादंबरी या संदर्भात तपासण्याजोगी आहे. तिच्यात हा प्रश्न कथेचाच विषय झालेला आहे. शिवाय तिच्या जन्माची हकिकत अशी आहे, की तात्पर्य शोधणाऱ्याला ते आयतेच मिळावे. तिचे मूल्यमापन कोणत्या निकषांवर करावे आणि त्या निकषांतून अध्यापनाची कोणती रीत निष्पन्न होते, याचा विचार येथे केला आहे.

२

कादंबरीचा बाह्य इतिहास सर्वपरिचित आहे. ‘द सॅटॅनिक व्हर्सेस’ १९८८ मध्ये प्रकाशित झाली. त्याच वर्षी भारताने तिच्या आयातीवर बंदी घातली. १४ फेब्रुवारी १९८९ रोजी इराणचे सर्वोच्च नेते आयातोल्ला खोमेनी यांनी लेखकाविरुद्ध मृत्यूचा फतवा काढला आणि रश्दी अज्ञातवासात गेले. अज्ञातवासाच्या आरंभीच्या काळात लिहून पुरी झालेली कादंबरी ती हीच. ती त्यांनी आपल्या मुलासाठी लिहिली; अर्पणपत्रिकेतील ओळींच्या आद्याक्षरांतून त्या मुलाचे नाव तयार होते. ऑगस्ट २०२२ मध्ये न्यूयॉर्क राज्यातील शटॉकवा येथे रश्दींवर जीवघेणा हल्ला झाला, तेव्हा या इतिहासाचे वजन आणखी वाढले.

कथानक थोडक्यात असे : अलिफबे देशातील एका शहरात उदासी इतकी भरली आहे, की ते स्वतःचे नावही विसरून गेले आहे. तेथे रशीद खलिफा हा नामांकित कथक, त्याची पत्नी सोराया आणि मुलगा हारून राहतात. वरच्या मजल्यावरील सेनगुप्ता हा महापालिकेतील कारकून कथांचा द्वेष करतो. जे खरेच नाही त्याच्या गोष्टी सांगून उपयोग काय, हा त्याचा सवाल. एके दिवशी सकाळी अकरा वाजता सोराया त्याच्याबरोबर निघून जाते. हताश झालेला हारून तोच सवाल वडिलांच्या तोंडावर फेकतो आणि रशीदची कथनशक्ती आटते. पुढे एका रात्री रशीदचा कथाजलाचा पुरवठा तोडण्यासाठी इफ नावाचा जलजिन्न येतो. त्याच्यासोबत हारून ‘कहानी’ या पृथ्वीच्या दुसऱ्या चंद्रावर पोचतो. तेथे कथांचा सागर आहे. अखंड प्रकाशातला गप देश आहे. अखंड अंधारातला चुप देश आहे. चुपचा पंथप्रमुख खत्तम-शुद सागरात विष कालवीत आहे आणि कथांच्या उगमालाच बूच मारण्याच्या तयारीत आहे.

बाह्य इतिहास आणि कथानक शेजारी ठेवले की किल्ली आपोआप कुलपात बसते. खत्तम-शुद म्हणजे फतवा काढणारा, रशीद म्हणजे लेखक, गप म्हणजे अभिव्यक्तिस्वातंत्र्य, चुप म्हणजे धर्मांधता. हे वाचन चूक नाही. प्रश्न एवढाच, की ते कादंबरीचा किती भाग व्यापते आणि कोणता भाग झाकून टाकते.

ते तीन महत्त्वाच्या गोष्टी झाकते. पहिली अशी, की प्रत्यक्ष भेटीत खत्तम-शुद हा कोणी अक्राळविक्राळ राक्षस निघत नाही. तो किरकोळ अंगाचा, रडक्या चेहऱ्याचा कारकुनी इसम आहे आणि हारूनला त्याच्यात सेनगुप्ता दिसतो. चंद्रावरचे युद्ध हे घरात घडलेल्या आघाताचेच विस्तारित रूप आहे. आई घर सोडून गेली, आणि वडिलांची वाणी आपल्या एका वाक्याने गेली, या दुहेरी अपराधभावातून मुलाची सारी मोहीम सुरू होते. राजकीय किल्ली हा घरगुती धागा पहिल्याच वळणावर सोडून देते.

दुसरी गोष्ट चुपच्या अंधाराविषयीची. तो अंधार खत्तम-शुदने निर्माण केलेला नाही. गपच्या विद्वानांनी चंद्राचे परिवलन यंत्राने नियंत्रित केले आहे, म्हणून गपवर सदैव ऊन आणि चुपवर सदैव रात्र आहे. म्हणजे शत्रूच्या अंधारात प्रकाशाच्या देशाचा वाटा आहे. गपला केवळ ‘स्वातंत्र्य’ असे नाव दिले, की हा दोष दिसेनासा होतो.

तिसरी गोष्ट अशी, की खत्तम-शुद आपल्या द्वेषाचे कारण स्वतःच सांगतो. त्याला जगावर सत्ता हवी आहे आणि प्रत्येक कथेच्या पोटात एक असे जग असते ज्यावर त्याची सत्ता चालत नाही. हे विधान फतव्याला लागू पडते, तसेच ते कथेचा एकच अर्थ मुक्रर करणाऱ्या कोणालाही लागू पडते, शिक्षकालाही. कादंबरी ‘उलगडून’ दाखवणारा अध्यापक नकळत सेनगुप्ताच्या खुर्चीत बसतो, कारण कथेची किंमत तिच्याबाहेरच्या एखाद्या खऱ्या वस्तूत शोधण्याची दोघांचीही रीत एकच आहे.

३

किल्ली बाजूला ठेवल्यावर मूल्यमापनाला कोणता आधार उरतो? अद्भुताच्या मीमांसेत दोन भूमिका नेहमी पुढे येतात. त्झ्वेतान तोदोरोव्ह यांनी १९७० मध्ये मांडलेल्या विवेचनात घटना नैसर्गिक की अतिनैसर्गिक, या संभ्रमात वाचकाला तोलून धरणे हे अद्भुताचे लक्षण मानले आहे. ‘हारून’मध्ये हा संभ्रम फार वेळ टिकत नाही, जिन्न समोर आल्यावर मुलगा थोड्याच वेळात त्याच्याशी घासाघीस करू लागतो. तोदोरोव्ह यांच्याच वर्गवारीत ही कादंबरी शेजारच्या, म्हणजे आश्चर्य निमूटपणे स्वीकारणाऱ्या प्रकारात जाईल. टॉल्किन यांची भूमिका येथे अधिक उपयोगी पडते. परीकथांविषयीच्या १९३९ मधील व्याख्यानात, जे पुढे १९४७ मध्ये निबंधरूपाने प्रसिद्ध झाले, त्यांनी असा विचार मांडला, की कथाकार एक दुय्यम विश्व निर्माण करतो. त्या विश्वाचे नियम पाळले जातात तोवर वाचकाची श्रद्धा टिकते. नियम मोडताच ती भंगते. या निकषाने पाहता मूल्यमापनाचा प्रश्न असा होतो : या विश्वाला स्वतःचे नियम आहेत काय, ते पाळले जातात काय, आणि संकट सुटते ते त्या नियमांनुसार की त्यांना डावलून?

कादंबरीचे सर्वांत समर्थ कल्पन म्हणजे अर्थातच कथासागर. त्यात वेगवेगळ्या रंगांचे हजार हजार हजार आणि एक प्रवाह आहेत आणि प्रत्येक प्रवाह म्हणजे एक कथा. कथा द्रवरूपात असल्यामुळे त्या एकमेकींत मिसळतात, बदलतात, नव्या होतात. या कल्पनेतून पुढचे नियम तर्कशुद्धपणे निघतात. कथा द्रव असेल तर ती पिता येईल. पिता येत असेल तर ती दूषितही होऊ शकेल. हारून राजकन्येच्या सुटकेची कथा पितो आणि भलतेच घडते : कथेच्या आत तो स्वतःच कोळी होऊन बसतो, कारण त्या प्रवाहात विष मिसळले आहे. बिघडलेली कथा म्हणजे काय, हे येथे व्याख्येने न सांगता पोटात गेलेल्या घोटाने सांगितले जाते. तात्पर्याच्या भाषेत या प्रसंगाचा सारांश एका ओळीत देता येईल, परंतु त्या ओळीत कोळी होण्याची किळस उरणार नाही.

याच कसोटीवर काही दोषही स्पष्ट दिसतात. चंद्रावरील प्रत्येक अडचणीचे उत्तर म्हणून पुन्हा पुन्हा असे सांगितले जाते, की या प्रक्रिया इतक्या गुंतागुंतीच्या आहेत की त्या समजावून सांगता येत नाहीत. प्रौढांच्या तोंडची ही नेहमीची टाळाटाळ मुलांना ओळखीची असल्यामुळे विनोद साधतो. मात्र तीच युक्ती कथेच्या कळीच्या सांध्यांवर वापरली, की विनोद पळवाट बनतो. हारूनच्या इच्छाजलाच्या प्रसंगी कादंबरी ही पळवाट बऱ्याच अंशी टाळते. आई गेल्यापासून त्याचे लक्ष अकरा मिनिटांपलीकडे टिकत नाही. पहिल्यांदा इच्छाजल पिऊन तो वडिलांसाठी मागणे मागतो तेव्हा आईची आठवण मध्ये येते आणि इच्छा विस्कटते. दुसऱ्यांदा मन एकवटते, चंद्र फिरतो, ऊन पडते आणि छायेपासून घडलेली शत्रूची सारी सामग्री विरघळते. जखमेतून आलेली मर्यादा ओलांडली जाते, म्हणून हा चमत्कार फुकटचा वाटत नाही.

शेवटाविषयी असे म्हणता येत नाही. सुखान्त हे दुर्मीळ असल्यामुळे ते कृत्रिम रीतीने तयार करावे लागतात, असे कादंबरीच सांगते. हारून आपल्या शहरासाठी सुखान्त मागतो आणि शहरावर आनंद पावसासारखा कोसळतो. हा आनंद खरा नव्हे, या जाणिवेने हारून अस्वस्थ होतो. कादंबरीची प्रामाणिकता या अस्वस्थतेत आहे. परंतु लगेच सोराया परत येते आणि ती अस्वस्थता संपते. पहिल्या प्रकरणात सोरायाचे गाणे थांबले होते. कथांत रमलेल्या रशीदचे त्याकडे लक्षच नव्हते. तिच्या जाण्याला कारण होते. तिच्या परतण्याला मात्र सेनगुप्ताचा कंटाळा यापलीकडे कारण दिसत नाही, आणि रशीदला कोणी जाब विचारत नाही. राजकन्या बातचीत हिचे नाक आणि बेसूर गळा यांवरचा लांबवलेला विनोदही याच वृत्तीचा आहे. मुलाच्या वेषात सैन्यात वावरणारी ब्लॅबरमाउथ स्त्रियांच्या बाजूने थोडा तोल सांभाळते, पण फेडण्याचे ओझे तिच्या एकटीच्या खांद्याला पेलत नाही. वर्गात हे दोष लपवण्याचे कारण नाही. नियम कोठे पाळले गेले आणि कोठे सैल सोडले गेले, हे शोधणे हाच समीक्षेचा पहिला धडा होय.

४

कादंबरीचा कणा म्हणजे गप आणि चुप हे द्वंद्व. एकीकडे बोलणे, ऊन, मोकळेपणा. दुसरीकडे मौन, अंधार, भय. हे द्वंद्व इतके ढोबळ असते तर कादंबरी उथळ ठरली असती. संधिप्रकाशाच्या पट्ट्यात मुद्रा या छायायोद्ध्याची भेट होते आणि ते डळमळू लागते. मुद्रा बोलत नाही. त्याचा संवाद हातांच्या आणि चेहऱ्याच्या अभिनयातून चालतो. स्वतःच्या सावलीशी चाललेले त्याचे युद्ध हे एक नृत्य आहे. ते पाहताना हारूनच्या लक्षात येते, की शांततेला स्वतःचे सौंदर्य असते आणि वाणीही विद्रूप असू शकते. खत्तम-शुदला विरोध करणारा मुद्रा चुपचाच आहे. म्हणजे मौनाचा शत्रू वाणी नव्हे. मौन आणि वाणी या दोहोंचा शत्रू म्हणजे सक्ती.

या टप्प्यावर मराठी वाचकाला भाषेनेच एक सोय करून ठेवली आहे. कादंबरीत गप आणि चुप हे विरुद्धार्थी शब्द आहेत. मराठीत ‘गप्पा मारणे’ म्हणजे मनमोकळे बोलणे आणि ‘गप्प बसणे’ म्हणजे न बोलणे. बोलीत तर ‘गप बस’ असेच म्हटले जाते आणि ‘ही नुसती गप आहे’ असेही, शब्द तोच. शिवाय दोन शत्रुराष्ट्रांची नावे जवळजवळ जशीच्या तशी एकत्र केली, की ‘गुपचूप’ हा नित्याच्या वापरातला शब्द तयार होतो आणि त्याचा अर्थ पुन्हा मौनाकडे झुकतो. या शब्दांची व्युत्पत्ती एक असो वा भिन्न, व्यवहारात मराठी भाषकाच्या जिभेवर हे द्वंद्व एकाच उच्चारात नांदते. कादंबरीकाराला जे साधण्यासाठी चंद्र फिरवावा लागला, ते मराठीच्या एका शब्दात आधीपासून आहे. मराठी विद्यार्थ्यापुढे हा शब्द ठेवला, की गप चांगले आणि चुप वाईट हे समीकरण त्याच्या स्वतःच्या भाषेतच अडते, आणि मुद्रेचा प्रसंग कादंबरीच्या मध्यभागी येऊन बसतो.

‘गोष्ट’ या शब्दाचेही असेच आहे. मराठीत कथेला गोष्ट म्हणतात आणि वस्तुस्थितीलाही. ‘ही गोष्ट खरी आहे’ या वाक्यात कथेचा मागमूस नसतो. सेनगुप्ताचा सवाल मराठीत नेला, की त्यातील कथा आणि सत्य यांची फारकत इंग्रजीतल्यासारखी सरळ राहत नाही. खोटी गोष्ट आणि खरी गोष्ट या दोन्ही गोष्टीच असतात.

मात्र या भाषिक जवळिकीची दुसरी बाजूही मांडली पाहिजे. कादंबरीतील बहुतेक नावे हिंदुस्तानी आहेत आणि इंग्रजी वाचकासाठी शेवटी त्यांचे अर्थ दिले आहेत. त्या वाचकाला जो नाद आधी ऐकू येतो आणि अर्थ मागाहून कळतो, तेथे मराठी वाचकाला अर्थ प्रथमच कळतो. बोलो, बातचीत, किताब, मुद्रा ही त्याच्या दृष्टीने विशेषनामे कमी आणि सामान्यनामे जास्त. उदास शहराचे हरवलेले नाव शेवटी ‘कहानी’ निघते, यातील शोधाचा आनंदही त्याच्यासाठी थोडा फिका होतो. परिणामी आपल्याकडे ही कादंबरी, जेथे प्रत्येक पात्र एखाद्या गुणाचे लेबल लावून फिरते अशा रूपकनाट्याच्या अधिक जवळ जाते. किल्ली लावण्याचा मोह मराठी वर्गात जास्त बळावतो तो यामुळेच. म्हणून त्याबद्दलची सावधगिरीही येथे जास्त हवी.

मौनाविषयी आणखी एक साक्ष कादंबरीच्या उगमापाशीच मिळते. सागराचे इंग्रजी नाव हे अकराव्या शतकात काश्मीरच्या सोमदेवाने रचलेल्या ‘कथासरित्सागर’ या नावाचे शब्दशः भाषांतर आहे. कादंबरीतील घरनौकेत त्या ग्रंथाचे खंड मांडलेलेही आहेत. सोमदेवाच्या कथापीठात या सागराच्या जन्माची जी हकिकत आहे ती गोदाकाठच्या प्रतिष्ठानात, म्हणजे आजच्या पैठणात घडते. सातवाहन राजाला सहा महिन्यांत व्याकरण शिकवण्याची पैज शर्ववर्म्याने जिंकली आणि हरलेल्या गुणाढ्याने संस्कृत, प्राकृत व देशभाषा या तिन्हींचा त्याग केला. बोलायला भाषाच न उरल्यामुळे मौन धरून तो विंध्यारण्यात गेला. तेथे पैशाची शिकला आणि त्या भाषेत त्याने सात लक्ष श्लोकांची बृहत्कथा रचली. राजाने ती झिडकारली तेव्हा तो एकेक पान पशुपक्ष्यांना वाचून दाखवून अग्नीत टाकत गेला. राजा धावत आला तोवर सहा लक्ष श्लोक जळून गेले होते. उरला तो एक लक्ष.

या कथेत कथासागराचा उगम मौनात आहे आणि त्याचा नाश सत्तेच्या अवहेलनेत. गुणाढ्याचे मौन आणि राजाची उपेक्षा यांत जो फरक आहे, तोच मुद्रेचे मौन आणि खत्तम-शुदची बंदी यांत आहे. रश्दींच्या कादंबरीत हा भेद एका प्रकरणापुरता उजळतो आणि युद्धाच्या धामधुमीत मागे पडतो. गुणाढ्याच्या कथेत तो पायाशीच आहे. दोन्ही संहिता शेजारी ठेवल्या, तर कादंबरीचे बळ आणि तिची उणीव एकदमच दिसतात.

५

आता अध्यापनाकडे. लुइझ रोझेनब्लाट यांनी १९७८ मधील आपल्या ग्रंथात वाचनाच्या दोन वृत्ती वेगळ्या केल्या आहेत. एका वृत्तीत वाचक संहितेतून काहीतरी घेऊन बाहेर पडण्यासाठी वाचतो. दुसऱ्या वृत्तीत वाचताना त्याला जे घडते तेच त्याचे साध्य असते. परीक्षापद्धती पहिल्या वृत्तीला सोयीची आहे. तरीही दुसरीला वर्गात जागा करता येते. त्यासाठी प्रश्नांचा क्रम बदलावा लागतो.

पहिला टप्पा विश्वाच्या नियमांचा. विद्यार्थ्यांनी सागर, दोन्ही देश आणि संधिप्रकाशाचा पट्टा यांचा नकाशा काढावा आणि प्रत्येक ठिकाणी काय शक्य आहे व काय अशक्य, याची नोंद करावी. चुपमध्ये अंधार का आहे, हा प्रश्न या टप्प्यावर विचारला, की गपच्या विद्वानांचा हात विद्यार्थ्यांना स्वतःच सापडतो. तो आधी सांगून टाकला तर ती फक्त माहिती राहते.

दुसरा टप्पा भाषेचा. इंग्रजी माध्यमातून कादंबरी वाचणाऱ्या वर्गाला गप आणि चुप या नावांचे मराठी प्रतिशब्द सुचवण्यास सांगावे. ‘गप्पा’ घ्यावा तर ‘गप्प’ आडवा येतो. या अडचणीत सापडलेला विद्यार्थी कादंबरीच्या मध्यवर्ती प्रश्नालाच हात घालत असतो. भाषांतर हा येथे निव्वळ भाषेचा सराव नसून समीक्षेची कृती ठरते. पदव्युत्तर वर्गात याच वेळी गुणाढ्याची कथा वाचता येईल.

तिसरा टप्पा दोषांचा. सोरायाच्या परतण्याचा प्रसंग पुन्हा लिहून पाहावा. तिला रशीदशी काय बोलायचे असेल, हा प्रश्न पुरेसा आहे. शालेय वर्गात हा भाग जपून हाताळावा लागेल, कारण आईवडिलांचे वेगळे होणे काही मुलांच्या घरातील वास्तव असते. परंतु याच कारणाने तो वगळणेही योग्य नव्हे. कादंबरीची मोहीम तेथूनच सुरू होते, आणि अद्भुताच्या आडोशाने असे दुःख बोलता येते ही या वाङ्मयप्रकाराची मोठी सोय आहे. ब्रुनो बेटेलहाइम यांनी १९७६ मध्ये परीकथांविषयी जे मनोविश्लेषणात्मक प्रतिपादन केले, त्यातील निष्कर्षांबद्दल मतभेद आहेत. तरीही कथेतील भयाचा अर्थ मुलाला समजावून सांगू नये, हा त्यांचा आग्रह शिक्षकाने ध्यानात ठेवावा असा आहे.

लेखकाचे चरित्र, बंदी आणि फतवा ही माहिती चौथ्या टप्प्यावर यावी. तोपर्यंत विद्यार्थ्यांचे कादंबरीशी नाते जुळलेले असते. मग विचारावा असा प्रश्न : ही माहिती कळल्यावर वाचनात काय बदलले आणि काय बदलले नाही? या क्रमाने रूपक नाकारले जात नाही. ते वाचनाच्या अनेक थरांपैकी एक थर होते. उलट क्रमाने गेल्यास तो थर सर्व थरांना गिळून टाकतो.

या क्रमाला कादंबरीतच आधार आहे. शेवटी ‘क’च्या खोऱ्यात रशीद प्रचारसभेत बोलायला उभा राहतो. राजकारणी बुट्टूला मतांसाठी गोड गोष्टी हव्या असतात. रशीद हारूनच्याच साहसाची गोष्ट सांगतो. तो कोणाचे नाव घेत नाही, अर्थ सांगत नाही. ऐकणारी माणसे खत्तम-शुद कोण ते आपापसांत ओळखतात आणि बुट्टूला पळवून लावतात. सेनगुप्ताच्या सवालाला कादंबरीने दिलेले हे उत्तर आहे. खोट्या गोष्टीचा उपयोग असतो, मात्र तो ऐकणाऱ्याने शोधायचा असतो आणि ऐकून झाल्यावर शोधायचा असतो. बुट्टूला घालवणे हे तात्पर्य म्हणून रशीदने आधीच सांगितले असते, तर ते भाषण झाले असते.

मूल्यांकनाचा प्रश्न उरतो. ‘ही कादंबरी रूपककथा आहे, स्पष्ट करा’ असा प्रश्न विचारणारी उत्तरपत्रिका मार्गदर्शक पुस्तिकेतून भरता येते. त्याऐवजी कादंबरीतील एखाद्या नियमाचा भंग कोठे होतो ते दाखवून तो भंग क्षम्य का किंवा अक्षम्य का, याचे विवेचन मागता येईल. अशा उत्तराला तयार नमुना नसतो. परीक्षकाला अधिक वाचावे लागते आणि मतभिन्नतेला गुण द्यावे लागतात. गपच्या सैन्यात सैनिक सेनापतीच्या प्रत्येक बेतावर वाद घालतात. प्रथमदर्शनी ती बेशिस्त दिसते, परंतु आधी सर्व बोलून झालेले असल्यामुळेच प्रत्यक्ष युद्धात ते एकजुटीने लढतात. वर्गाच्या दृष्टीने हा प्रसंग कोणत्याही अध्यापनसूत्रापेक्षा अधिक बोलका आहे.

६

‘हारून’ ही निर्दोष कादंबरी नाही. तिचा शेवट घाईचा आहे, स्त्रीपात्रांना तिने पुरता न्याय दिलेला नाही आणि मौनाविषयीची तिची सर्वांत सूक्ष्म जाणीव तिच्याच युद्धकथेखाली दबली आहे. तरीही अद्भुतरम्य बालकादंबऱ्यांत तिचे स्थान वरचे ठरते. तिने निर्माण केलेल्या सागराला स्वतःचे नियम आहेत, संकटाची सोडवणूक नायकाच्या जखमेतून होते, आणि आपला सुखान्त कृत्रिम आहे हे सांगण्याचे धैर्य, काही क्षणांपुरते का होईना, ती दाखवते. तिच्या दोषांवरही वर्गात फलदायी चर्चा होऊ शकते, हे तिच्या दर्जाचेच गमक मानावे लागेल. सामान्य कृतीचे दोष चर्चेला इतका आधार देत नाहीत.

मूल्यमापन आणि अध्यापन हे दोन व्यवहार एका बिंदूवर मिळतात, तो याच ठिकाणी. कृतीच्या अंतर्गत नियमांकडे पाहणारी समीक्षा वर्गात प्रश्न होऊन येते आणि त्या प्रश्नांना विद्यार्थ्यांनी दिलेली उत्तरे समीक्षेला परत मिळतात. ‘गप्प बसा’ ही मराठी शाळेतील सर्वांत परिचित आज्ञा आहे. गोष्ट ऐकताना ती योग्यच. गोष्ट संपल्यावरही तीच चालू राहिली, तर शिक्षक गपच्या बाजूने शिकवतो आहे की चुपच्या, हे ठरवायला विद्यार्थ्यांना कादंबरीच्या शेवटी दिलेला शब्दार्थांचा कोश लागणार नाही.